पटाशीच्या जागी पटाशी

डनेडिनच्या चढावर आमचं घर,
गाडी कायम रस्त्यावर, मागच्या चाकाला दगड,
कारण गॅरेजमध्ये ‘असू दे, लागेल कधीतरी’
एकोणीस वर्षं बिनभाड्यानं राहत होतं.

आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर
लोकांच्या खुर्च्या जोडत होते.
सूपला सरसाचा वास,
लोण्यात भुसा.

ऑलिस्टर म्हणाला, एका शनिवारचं काम आहे.
मी म्हटलं, हो ना.
दोघांनाही एकमेकांचं खोटं कळलं
आणि आम्ही दार वर ढकललं.

आधी निघाली कार्पेटची गुंडाळी, उंदरांनी
काठाकाठानं हिशेब ठेवलेली.
मग रंगाचे डबे, तेवीस.
तळाशी चमचाभर पिवळा,
त्या खोलीचा, जिथे फिनले रांगायला लागला.
ब्रेड भाजायची तीन यंत्रं, तिन्ही भेट आलेली.
गवत कापायचं एक यंत्र, बंद,
आणि त्याच्या सुट्या भागांसाठी आणलेलं दुसरं,
तेही बंद.

तीन ढीग ठरवले होते: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं.
जेवणापर्यंत चौथा ढीग झाला, ‘बघू’,
आणि तोच सगळ्यांत उंच.
समोरचा तेविता ट्रेलर घेऊन आला,
चौथ्या ढिगाकडे पाहून काही बोलला नाही,
त्यालाच आधी हात घातला.

ग्रीन आयलंडच्या कचरा डेपोवर तीन फेऱ्या.
तिसऱ्या फेरीला दक्षिणेचा वारा सुटला, गारा आल्या,
नोव्हेंबर आहे याची त्यांना कोणी आठवण केली नसावी.
परतल्यावर मी शेवटचं कपाट ओढलं
आणि मागे भिंत निघाली.

भिंत म्हणजे,
हिरव्या फळीवर पांढऱ्या रंगात
हत्यारांचे आकार रंगवलेले.
करवत. रंधा. गुण्या. दोन पकडी, तोंडं मिटून.
सात पटाश्या, उंचीप्रमाणे,
शाळेच्या फोटोत उभ्या केल्यासारख्या.
प्रत्येकीवर एक खिळा, वाट बघत गंजलेला.
हे गेडिस यांचं काम. आमच्या आधी ते इथे राहत,
रेल्वेच्या कारखान्यात उभा जन्म घालवलेले.
त्यांच्याकडून घर घेताना
मी त्यांना विचारलं होतं फक्त छताबद्दल.

पटाश्यांच्या शेजारी आणखी एक आकार होता.
एका टोकाला आकडा, मध्ये पानासारखं भोक,
दुसरं टोक बोथट.
ऑलिस्टर म्हणाला, बाटली उघडायला.
तेविता म्हणाला, घोड्याच्या खुराचं काहीतरी.
कोपऱ्यावरच्या मिसेस पॅटिलो चष्मा पुसून म्हणाल्या,
हे तर त्यांनी स्वतःसाठीच केलेलं असणार,
दुकानात न मिळणारं.

पांढरा रंग आणून ठेवला होता, ब्रश भिजवून तयार.
संध्याकाळी मी ब्रश धुऊन टाकला.

मग माझी हत्यारं लावली. थोडीच आहेत.
माझी करवत त्यांच्या करवतीत बसेना,
चहूबाजूंनी बोटभर गेडिस उरतात.
पटाश्या माझ्या तीन.
पहिली, तिसरी, पाचवी जागा घेतली,
मधल्या जागा तशाच, दुधाचे दात पडल्यासारख्या.
हातोडा मात्र बरोबर बसला, अगदी दांड्यापर्यंत.
मी उगाचच दोनदा काढला आणि परत लावला.

त्या अनोळखी आकारावर काही टांगलं नाही.
येणारा प्रत्येक जण तिथे थांबतो,
स्वतःचं एक उत्तर सांगतो.
सरस धरेपर्यंत
तेवढं बोलणं पुरतं.

आज पहिलीच खुर्ची शिकंज्यात आहे.
पत्र्यावर गारा. सूपला सूपचा वास.
ऑलिस्टर दारात उभा, ओला, हातात किल्ल्या.
‘सगळं रिकामं झालं ना,’ म्हणाला,
‘मग गाडी?’

मी कानस शोधायला लागले.
बाहेर चढावर गाडी उभी आहे,
चाकाला तोच दगड.