प, ब, म

थेरपीच्या खोलीत टेबलावर आरसा असतो.
शर्मिष्ठाताई म्हणतात, माझ्याकडे बघ, मग आरशात बघ.
प. ब. म.
ओठ मिटतात, ओठ उघडतात,
तिन्ही वेळा अगदी एकसारखे.
म्हणून आमच्याकडे बाबा आले की मामा आले
ते दार उघडल्यावरच कळतं.
आणि माझं नाव बकुळ आहे
की मकुळ की पकुळ,
हे नुसतं बघून मलाही सांगता येणार नाही.

तपासणीच्या कागदावर माझी एक रेघ आहे.
डावीकडून निघते आणि उतरत जाते
पर्वतीच्या पायऱ्यांसारखी,
खाली, जिथे शिट्ट्या, पाखरं आणि स, श राहतात.
आई तो कागद फायलीत उलटा ठेवते.
मला आवडतो.
वर्गात कुणाकडेच स्वतःची अशी टेकडी नाही.

अल्फिया तांबोळी माझ्या उजवीकडे बसते,
उजव्या कानात थोडं उरलंय म्हणून.
मी सांगितलं नव्हतं.
पहिल्या आठवड्यात तिने दोन्हीकडे बसून पाहिलं
आणि ठरवलं.
खुणांचीही नावं असतात, असं मी म्हटलं
तेव्हा मुलं म्हणाली, सोप्पंय,
कानामागे दोन बोटं : मशीन.
ती म्हणाली, हट्.
मग चिमूट मिटून नाकाशी नेली,
सुकलेलं फूल हुंगतात तशी.
सुकली तरी वास सोडत नाही, तिच्या फुफीने सांगितलेलं.
ती मी.

पण नोव्हेंबरात आमचं भांडण झालं.
डबा खाताना सगळ्या हसल्या.
काय झालं?
काही नाही गं, नंतर सांगते, अल्फिया म्हणाली.
नंतर.
माझ्याकडे जितके 'नंतर' साठलेत
तितक्या भावाकडे गोट्या नाहीत.
एकही अजून उघडलेला नाही.
मी मशीन काढून दप्तरात टाकलं
आणि चार दिवस तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.
(मान वळवली की मला कुणी समजावू शकत नाही.
हा एक फायदा आहे.)

पाचव्या दिवशी संध्याकाळी वीज गेली.
रास्ता पेठेत, वीज कंपनीच्या ऑफिसमागेच राहतो आम्ही,
तरी जाते.
वीज गेली की माझे कान जातात.
ओठ विझतात, हात विझतात.
मी जिन्यात बसून राहिले.

कुणीतरी माझा हात ओढला.
सायकलच्या चेनच्या तेलाचा वास.
तीच.
तिने माझा तळवा उघडला,
बोटांखालून आडवी शिरोरेघ ओढली
आणि एकेक अक्षर खाली टांगत गेली.
ब.
पोटात तिरकी रेघ.
म असता तर गाठ असती,
प असता तर पोट रिकामं.
हातावर तिघं एकमेकांसारखी दिसतच नाहीत,
हे मला अकराव्या वर्षी अंधारात कळलं.

मग तिने तो विनोद लिहिला, अख्खा,
काने, मात्रे, जोडाक्षरांसकट.
शिंगरे सरांनी फोन समजून डस्टर कानाला लावला
आणि म्हणाले, हॅलो.
गुदगुल्या झाल्या की मूठ मिटायची,
की ती पुन्हा पहिल्यापासून.
खूप वेळ लागला.
विनोद तसा साधाच होता.

मी हसले. किती जोरात ते माहीत नाही.
वरच्या मजल्यावरचं दार उघडलं, टॉर्च आला,
म्हणजे मोठ्यानेच असणार.
उजेडात अल्फियाचे ओठ हलायला लागले.
थांब, मी म्हटलं,
आणि हात पुढे केला.