झाकली मूठ

त्रेस अरोयोसच्या क्लबात, कपाटाएवढ्या खोलीत
मी रॅकेटच्या तारा ओढतो आणि मुठीच्या पट्ट्या बदलतो.
एकोणतीस वर्षं.
लोकांचे चेहरे विसरतो,
पट्टीवरची झीज नाही.

जुनी पट्टी सोडवली की झाकली मूठ उघडी पडते.
डॉक्टर उर्रुतिया: अंगठ्याखाली नाण्याएवढा काळा डाग,
वर्षानुवर्षं त्याच जागी.
बँकेतली ग्रासिएला: सगळीकडून सारखीच मळलेली,
दर फटक्याला पकड बदलते, दर फटक्याला पस्तावते.

मुठीला पैलू आठ.
वरचा सपाट तो पहिला, तिथून उजवीकडे मोजत जायचं.
तर्जनीच्या मुळाचं हाड ज्यावर टेकेल
तसा फोरहॅन्ड.
दुसऱ्यावर, कुऱ्हाड धरावी तसा. जुन्या लोकांचा.
तिसऱ्यावर, ओळख होताना हात मिळवावा तसा.
चौथ्यावर चेंडू फिरायला लागतो,
आणि पाचव्यावर, अगदी तळाशी,
चुलीवरचा तवा उचलावा तशी मूठ:
चेंडू जाळीवरून उंच जातो, मग एकदम आठवण झाल्यासारखा
खाली येतो, विटेच्या भुकटीत पाय आपटतो,
समोरच्याच्या खांद्यावर उडतो.

हे मी खेळून सांगत नाही. पुसून सांगतो.

मार्चमध्ये म्हातारा लारालदे नातीला घेऊन आला.
ऐलीन. नऊ वर्षांची, पुढचा एक दात अर्धा.
स्वतः जन्मभर दुसऱ्या पैलूवर,
पण तिच्यासाठी त्याने लाल पेन्सिलीने तिसरा आखला,
सुतारासारखा, जीभ दातात धरून.
“रॅकेटशी हात मिळव,” म्हणाला.
“हात कोण मिळवतं?” ती म्हणाली. “आपण गालाला गाल लावतो.”
आणि तिने लावला.
गालावर तारांची चौकट उमटली, दोन मिनिटं राहिली.

तिचे सगळे चेंडू आभाळात.
एक धान्याच्या कोठारावर, दोन रुळांपलीकडे.
म्हाताऱ्याने गुडघे वाकवायला सांगितले, खांदा वळवायला,
सकाळी नीट खायला सांगितलं.
तिसऱ्या आठवड्यात ती एकटीच खिडकीशी आली.
“हे पुसता येतं?”

मी स्पिरिट काढलं. रेघ गेली.
तिने डोळे मिटले आणि हवं तसं धरलं,
डाव्या हाताने.

डाव्या हाताने!
रेघ उजव्या बाजूला होती.
तीन आठवडे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही,
माझ्याही नाही, आणि मी म्हणे झीज वाचतो.

डावखुऱ्याचे पैलू उलटे मोजतात:
आठवा, सातवा, सहावा.
तिचा हात सरकत सरकत पाचव्याशी थांबला.
त्या रात्री मी दिव्याखाली एक उघडी मूठ घेऊन बसलो,
आधी उजव्या हाताने उतरलो, मग डाव्याने.
दोन्ही वाटांनी तळाला तोच पैलू.

तिची पट्टीही उलटी गुंडाळावी लागते.
पहिल्यांदा सवयीने सुलटी गुंडाळली, सोडली,
पुन्हा सुलटीच गुंडाळली.

जुलैत, वारा दक्षिणेकडून कापत असताना,
लारालदे आला. मनगट सुजलेलं.
दार लावून घेतलं आधी.
“एक घर सरकून बघू का?” म्हणाला,
जणू पैसे उसने मागतोय.
एक घर म्हणजे करंगळीच्या नखाएवढं अंतर.
एकाहत्तराव्या वर्षी.

भिंतीवर वीस चेंडू मारले. सतरा जमिनीत गेले.
त्याने रॅकेटला शिव्या दिल्या, मला दिल्या,
अठरावा बसला तेव्हा कोणालाच दिली नाही.

आता त्याच्या पट्टीवर दोन डाग आहेत,
तिसऱ्यावर फिकट, दुसऱ्यावर जुना.
थंडी वाढली की दुसरा ताजा होतो.
मी पट्टी बदलतो. विचारत नाही.