दर मिलिमीटर

अंबडला, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाच्या खोलीत
माझी पहिली चूक एका शून्याची होती.

काचेच्या पेल्यात तेल, तेलात समोरासमोर
पितळेचे दोन गोळे,
मध्ये अडीच मिलिमीटर.
साठ हजार व्होल्टला टक्कन ठिणगी.
साठ भागिले अडीच.
चोवीस किलोव्होल्ट, दर मिलिमीटर.
मी लिहिलं दोनशे चाळीस,
सेंटिमीटरचा आकडा मिलिमीटरच्या रकान्यात.

ताजणे मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला.
"असलं तेल कुठल्या विहिरीतून काढलंस, संपत?
मलाही आण दोन डबे."

मग जेवणाच्या सुट्टीत,
मेथीच्या भाजीचा डबा बाजूला सारत:
"प्रभाराला जोर किती बसतो, असं विचारलंस
तर न्यूटन दर कूलोम.
दाब किती अंतरात उतरतो, असं विचारलंस
तर व्होल्ट दर मीटर.
एकास एक. आकडा हलत नाही.
तू पंचवटीतला ना?
घरातून निघताना म्हणतोस, गंगेवर जाऊन येतो.
भूगोलाच्या पेपरात लिहितोस गोदावरी.
पाणी तेवढंच.
पण मीटरचा मिलिमीटर केलास की तिथे हजार उभा असतो,
त्याला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही."

मी चोवीस पुन्हा लिहिले, सगळी शून्यं मोकळी सोडून:
दोन कोटी चाळीस लाख व्होल्ट, दर मीटर.
बघून मलाच घाम.
"घाबरू नकोस," मॅडम म्हणाल्या,
"एवढा मीटर आहे कुठे आपल्याकडे?
आपल्याकडे अडीच मिलिमीटरच आहे."

जानेवारीत शिलापूरकडच्या एका द्राक्षबागेतून तक्रार आली.
वरून एकलहऱ्याची लाइन जाते,
खाली मथुराबाई कहांडळांचा मंडप.
काठीच्या टोकाला मीटर बांधून मी लांब उभा राहिलो.
दोन पॉइंट चार.
किलोव्होल्ट, दर मीटर.
तोच दोन, तोच चार,
आणि पेल्यातल्या तेलापेक्षा दहा हजार पट हलका!
या वेळी शून्यं चुकली नव्हती.
खुशीत सांगून टाकलं, "मर्यादेच्या आत आहे, मावशी."

त्यांनी मंडपाच्या तारेकडे बोट केलं.
"हात लावा."

झिण्ण.
कोपरापर्यंत मुंग्या, आणि कानात आपोआप शिवी.

"एका ओळीत दोनदा कात्री पडते हातातून," त्या म्हणाल्या,
"दव असलं तर तीनदा.
तुमच्यात याला काय म्हणतात?"

मी मीटरकडे बघितलं.
तो दोन पॉइंट चारच म्हणत होता.

मॅडमनी अहवालात माझा आकडा तसाच ठेवला.
सूचना: मंडपाच्या तारा दोन्ही टोकांना जमिनीशी जोडाव्यात.
आणि त्याच्या वर,
दोन कात्र्या दर ओळ, दव असल्यास तीन.
यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता.
त्यांनी पट्टी मागितली
आणि एक आखला.