सूत

मोदगेकर बाईंनी नववीतली चौदा नावं
हजेरीवहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिली.
पेनानं नाही. घरचे नको म्हणाले तर
खोडता यावीत म्हणून.

करार झाला होता, शाळेचा
आणि हणबर इंजिनीअरिंग वर्क्सचा.
तीन भाषांत छापलेला, दोन सह्या, एक शिक्का,
आणि एक फोटो, ज्यात मालक हसताहेत
आणि हेडसरांचे डोळे नेमके मिटलेत.

शनिवारी सकाळची शाळा सुटली
की तिसऱ्या रेल्वे गेटाशी डबे उघडायचे.
गेट बंद असलं तर उभ्यानं भाकरी,
उघडं असलं तर चालता चालता.
मग उद्यमबाग. आधी वास येतो,
तापल्या वाळूचा, कूलंटचा,
मागून आवाज.

पहिल्या शनिवारी आम्हा पाच मुलींना
पॅकिंगला बसवलं. चिकटपट्टी, लेबलं, खोके.
सुपरवायझर म्हणाला, बाई, केस अडकतात मशीनमधे.
बाईंनी पर्समधून करार काढला,
चौथ्या कलमावर बोट ठेवलं,
आणि त्याच पर्समधून पाच रबरबँड.

तर असे भेटले इराप्पा मामा.
मला कन्नडात छत्तीस मार्क,
त्यांचं मराठी भाजीबाजारापुरतं.
ते म्हणाले, दोन सूत काढ.
मी लोखंडात दोरा शोधत राहिले.

आमच्याकडे सूत म्हणजे रिळावरचं.
आई वडगावात मागावर असते,
तुटलं की दोन बोटांत धरून थुंकी लावते, गाठ मारते,
माग परत सुरू.
इथं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग,
आणि तुटलेलं इथं जोडत नाहीत.
मामांनी व्हर्नियर माझ्या हातात दिला
आणि त्याच्यावरचे आकडे दोघांनाही वाचता आले.

आमच्या मागाचा एक बुश झिजला होता.
दोन महिने ठक् ठक्, साडीला पट्टे पडायचे.
मी तो डब्यातून नेला, भाकरीखाली ठेवून.
भाकरीला ग्रीस लागलं, ती इम्तियाजनं खाल्ली.

मामांनी भंगारातला गनमेटलचा तुकडा दिला.
सहा मापं घेतली मी, सहाही वहीत लिहिली.
चकात धरला, टूल लावलं,
पिवळा भुसा उडाला हळदीसारखा.
निधान, निधान, मामा मागून म्हणत होते.
शेवटच्या फेरीला हात जरा पुढं गेला.
त्यांनी मोजलं. परत मोजलं. चष्मा पुसून परत.
कडिमि आतु.
कमी झालं.

जास्त असलं तर काढता येतं, गं,
कमी झालेलं कोण घालणार?
एवढं वाक्य त्यांनी मराठीत म्हटलं,
जुळवून, एकेक शब्द चाचपून.
मला वाटलं आता ते स्वतः करून देतील.
नाही दिलं. हात पुसले,
नवा तुकडा कपाटात ठेवून कुलूप लावलं.
शनिवारी, म्हणाले. मुंदिन शनिवारा.

घरी आईनं विचारलं, काय करालीस तिथं?
मी फसलेला बुश दाखवला.
तिनं हातात घेतला, वजन बघितलं,
मागाच्या मागं एक वजन निसटलेलं होतं,
तिथं दोरीनं बांधून टाकला.
लोंबतोय अजून. ठक् ठक् तशीच.

सोमवारी शाळेत फॉर्म भरायला दिला:
पुढे काय व्हायचे आहे? एका ओळीत लिहा.
संजोतनं लिहिलं, वेल्डर. इम्तियाजनं, मालक.
मी मापाचं पान उघडून बसले.
मग लिहिलं नाही काहीच.
बाईंनी बघितलं, रागावल्या नाहीत,
फॉर्म गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला
आणि विचारलं,
शनिवारचा रबरबँड आहे ना जवळ?