खिडकी कुठे काढायची

हालबेराचं घर अकरा पावलं लांब, सहा रुंद.
पहिल्या दिवशी माझी मोजपट्टी खिशातच राहिली,
तिनंच चालून मोजून दाखवलं,
लोकरी मोज्यांत, एक हात भिंतीला लावून,
जणू घर डुलतंय.

बाहेर डिसेंबर.
आइसलँडच्या या टोकाला म्हणजे
दुपारी बाराला डोंगरामागे निळसर काहीतरी उजाडतं
आणि जेवण उरकायच्या आत मावळतं.
दोन महिने खाडीत ऊन उतरत नाही.
लोक म्हणतात, सवय होते.
म्हणणाऱ्यांना होत असेल.

तिच्या भावानं, स्नाइब्योर्ननं, फोन केला होता:
बहीण ऑक्टोबरपासून अंथरुणात आहे.
डॉक्टरनं दिवा दिलाय, दहा हजार लक्सचा,
तो तिनं टोमॅटोच्या रोपांवर लावलाय.
रोपं मजेत आहेत.
तू घरांची कामं करतोस ना,
कर काहीतरी.

मी नकाशे नेले. दक्षिणेला अख्खी काच,
भिंतींना मधाचा रंग, छताला लाकूड,
कोपऱ्यांना गोलाई.
शिकलो होतो ते सगळं तिच्या टेबलावर पसरलं.
ती म्हणाली, दक्षिणेला समुद्र आहे.
मी म्हणालो, हो, म्हणूनच तर.
ती उठली, किटली ठेवली.
पाणी उकळून उकळून अर्धं झालं
तेव्हा कुठे मला दिसलं
की दाराजवळच्या खुंटीवर एक पिवळा रेनकोट आहे,
मोठ्या मापाचा,
आणि तो कोरडा ठणठणीत आहे.

नकाशे गुंडाळले.
मग चार दिवस नुसता जाऊन बसलो.
आता याचं बिल काय म्हणून लावायचं?
बघत राहिलो, ती कुठे वळते, कुठे अडते,
कुठल्या बटणापाशी हात जातो नि मागे येतो.
कॉफी ती उभ्यानं पिते,
ओट्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात,
कंबर रेडिएटरला टेकवून.
अकरा गुणिले सहा पावलांत
खांदे सैल पडतात ते तेवढ्याच जागी.
समोर भिंत.
भिंतीपलीकडे थोर्लाकूर म्हाताऱ्याचा मेंढ्यांचा गोठा.

तिथेच काढली खिडकी.
चाळीस सेंटिमीटर बाय साठ.
सुतारानं दोनदा विचारलं, नक्की?
एवढी खाडी सोडून शेणाकडे तोंड?
उंची तिच्या डोळ्यांवरून घेतली,
खाली बर्चची फळी, कोपर टेकेल अशी,
कड घासून घासून गुळगुळीत,
कारण बोटं तिथे फिरणार.
भिंतीचा रंग तिनं जुनाच ठेवला, मळका हिरवा.
मला नाही आवडत.
मला विचारलंय कुणी?

सहाला गोठ्यात दिवा लागतो,
जाळीतला, साधा.
थोर्लाकूर गवत टाकतो,
एका ठरावीक मेंढीला शिव्या देतो.
काचेतून नुसते ओठ हलताना दिसतात.
हालबेरा म्हणते, आता पाठ झाल्यात.

जानेवारीत एकदा सात वाजले तरी दिवा नाही.
सव्वासात.
बाहेर बर्फात मिसळलेला पाऊस.
हाताला आलं ते अंगावर चढवून ती धावली.
म्हातारा झोपला होता, इतकंच.
त्या दिवशी शिव्या तिच्या वाट्याला आल्या.
मेंढ्यांना गवत तिनं टाकलं.

ऊन परतायच्या दिवशी इथे घरोघर
कॉफी आणि पातळ पॅनकेक असतात.
यंदा ढग होते. पॅनकेक होतेच.
मलाही बोलावणं होतं.
त्या खिडकीतून हिवाळ्याचं ऊन कधीच येणार नाही,
हे मला नकाशावरच कळलं होतं,
मी बोललो नव्हतो.
तिनं एक पॅनकेक काचेला धरून दाखवला,
पलीकडे एक टोपी हलली.
मग माझ्याकडे वळून म्हणाली,
डाव्या कोपऱ्यातून वारा शिरतो.
काम कच्चं आहे तुझं.

मोजपट्टी काढली.
फट दोन मिलिमीटर.
बुजवायचं सामान आणायला दाराकडे गेलो
तर पाय घसरला जरासा.
खुंटीखाली थारोळं साचलं होतं.
रेनकोटाची बाही
अजून ठिबकत होती.