तृतीया विभक्ती

फोर्टातल्या कोर्टात साक्षीदाराचा पिंजरा
एका बाजूने कलतो. शपथ घेतली, चष्मा पुसला.
समोर टेबलावर, चादरीवर निजवलेली
कमळजाबाई : तेलरंग, सव्वातीन फूट,
खाली उजवीकडे लाल सही, न. वि. कीर्तिकर.
पेणकरांची नात म्हणते, पैसे नकोत,
म्युझियमने पाटी बदलावी.

चित्र कोणाचं, वकील विचारतात.
मला कुंटेबाई आठवतात, इयत्ता सातवी.
गवंड्याने भिंत बांधली. कर्ता शोधा.
तृतीया : ने, ए, शी.
ने म्हणजे घेऊन जा असंही होतं, बाई,
मी मागच्या बाकावरून म्हणाले होते.
पट्टी बसली.

मी म्हणते, कान बघा.
चेहरा काढताना माणूस सावध असतो,
कानापाशी पोचेस्तोवर दमतो,
हात आपल्या सवयीने चालू लागतो.
ही पाळी, करंजीची मुरड घालावी तशी दुमडलेली,
कीर्तिकरांच्या तरुणपणीच्या एकाही चित्रात नाही.
ती एलायजा पेणकरांची.
बावीस रुपये महिना, माझगावहून पायी.
आधी रंग घोटायचे. मालकांचा हात कापू लागला
तेव्हा कान, मग बोटं, मग चेहरे.
शनिवारी ते यायचे नाहीत, त्यांचा शब्बाथ.
स्टुडिओच्या वहीत दर शनिवारी नोंद आहे :
मालकांची प्रकृती बरी नाही.

पहिल्या बाकावरच्या नातीने
हळूच पदर कानावर ओढला.

सही तर कीर्तिकरांचीच ना?
हो. फार सुंदर सही आहे.
जज्ज हसल्यासारखे वाटले.
छप्पर मालकाचं, रंग मालकाचा, पगार मालकाचा,
म्हणजे नोकराने केलेलं ते मालकाने केलं,
समोरचे वकील दोन निकाल वाचून दाखवतात.
मग नोकराने सांडलेलं?
हे मी मोठ्याने विचारलं नाही.

आणि डावीकडे, निऱ्यांवर, हा डाग?

फाइलमध्ये आहे ते.
नऊ जून. शिपाई बावकर याच्या हलगर्जीपणामुळे.
पाहिलं कोणीच नव्हतं.
पण बावकर मुळातच वेंधळा, सगळे म्हणाले.
कँटीनचे दोन ग्लास फोडले होते त्याने.
मीही मान हलवली.

माझा मुलगा तापाने फणफणलेला होता तेव्हा.
दोन रात्रींचं जागरण, बाटलीचं बूच सैल,
वरचा पंखा उगाच जोरात.
माझ्याकडे कारणं होती.
त्याच्याकडे स्वभाव होता.

इतकी वर्षं वाक्यं अशीच ठेवलीत मी :
त्याने सांडलं.
माझ्याकडून सांडलं गेलं.
वाऱ्याने, तापाने, बुचाने,
एकेकाला ने लावत गेले.
उरलेला त्याला दिला. ने, बावकर. घेऊन जा.
त्याने नेला. दोन वेतनवाढी गेल्या,
गोदामात बदली झाली,
आणि दर सकाळी तिथून वर येऊन
बाई, चहा आणू? म्हणायचा.
कपात कधी थेंबही हिंदकळला नाही.
तेही फाइलमध्ये नाही.

कुंटेबाई म्हणायच्या, त्याने केलं, तिने केलं,
गवंड्याने केलं. पण मी केलं. नुसतंच मी.
मी ला ने लागत नाही.
का, बाई?
का बिका काही नाही. पाठ करा.

साक्षीदार, प्रश्न कळला का?
पंखा इथेही आहे, संथ, तारेवर लोंबणारा.
टायपिस्टची बोटं अधांतरी.

लिहा, मी म्हणते.
मी.

तो टाइप करतो. मान वर करतो.
पुढे?