उंची

जुलैत, कारागांडीच्या दक्षिणेला,
बेकसुलतानच्या कुरणात
आम्ही तिच्या पाठीवर यंत्र बांधलं:
काडेपेटीएवढं, वर सूर्य पिणारी काच,
पोटात एक सिमकार्ड.
टोपडं घातलेलं डोकं माझ्या कुशीत,
अंगाला उंदरांचा आणि वाळल्या गवताचा वास.
म्हातारा म्हणाला, पोरीला सासरी धाडताना
एवढा बंदोबस्त नव्हता केला आम्ही.

सप्टेंबरअखेर ती निघाली.
मग ऑफिसात नुसते ठिपके.
उझबेकिस्तानात दोन. इराणच्या खाऱ्या वाळवंटात
अकरा दिवस काहीच नाही,
आणि एका पहाटे, कुठल्याशा गावाची रेंज लागताच
तीनशे सात निरोप एकदम.
त्या महिन्याच्या बिलावर हिशेबनिसाने
लाल पेनाने फक्त एक उद्गारचिन्ह काढलं.

दर रविवारी बेकसुलतानचा फोन:
पोचली का?

नोव्हेंबरात ती ओमानमध्ये थांबली.
एका खांबापाशी. विजेच्या.
नऊ दिवस तोच अक्षांश, तोच रेखांश,
जमिनीपासून उंची शून्य.
आम्हाला हे वाचता येतं.
वहीत मी तारीख लिहिली, पुढचा रकाना कोरा ठेवला.

दहाव्या दिवशी ठिपका हलला.
डांबरी रस्त्याने, ताशी साठ, प्रत्येक वळण घेत.
गरुड वळणं घेत नाहीत रस्त्याची.
एका वस्तीत शिरला. रात्रभर गप्प.

तेव्हापासून
सकाळी पावणेसातला तो घरातून निघतो,
सातशे मीटर जातो, मधे एकदा रेंगाळतो
(दुकान असेल, नाहीतर मांजर),
दीडपर्यंत एका लांबट इमारतीत,
मग परत. शुक्रवार-शनिवार सुट्टी.

यंत्र महाग असतं. सापडलं तर परत मागवायचं असतं.
अरबी पत्राचा मसुदा टेबलावर तयार आहे,
खाली माझं नाव छापलेलं,
वर सहीपुरती जागा.

रविवारी फोन आला.
पोचली, मी म्हटलं. आता शाळेत जाते.
पलीकडे बराच वेळ वारा, आणि एक घोडा.
मग म्हातारा म्हणाला,
शिकू दे.

काल शुक्रवार होता.
चारच्या सुमारास ठिपका गावामागच्या डोंगराला लागला.
दहा-दहा मिनिटांनी थोडा थोडा वर,
मधे एकदा घसरलाही असावा,
तीनशे बारा मीटर.
तिथे उन्हं जाईपर्यंत थांबला.

तोंड कुठल्या दिशेला होतं
ते यंत्राला कळत नाही.